यशाची अप्पर लिमिट कोण ठरवतं?

उद्यमनगरी (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री १०.१५

यशाची व्याख्या बदला, ताण कमी होईल, असं हल्ली जो तो सांगतो. बदला म्हणजे नेमकं काय करा, हे मात्र कोणी सांगत नाही. 'आनंदी राहणं हेच खरं यश' छापाची वाक्यं सकाळी सकाळी फुलांच्या फोटोवर येतात, तेवढीच. आता आनंदी राहणं हेच यश म्हटलं, तर ज्या दिवशी मूड नाही त्या दिवशी आपण नापास. म्हणजे आधीचे ताण होतेच, त्यात हा एक वाढला.

माझं शिरोलीत छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून पुढं देतो. पंपाचं काम, ट्रॅक्टरचं काम, थोडे व्हॉल्व्ह. कोल्हापुरात ह्या धंद्यातली माणसं पैशाला पासरी, त्यामुळे पुढचं निम्म्या लोकांना लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सोपं करून सांगतो.

ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला दोन टोकं असतात. बोअर, म्हणजे जॉबमधलं गोल भोक, २५ मिलिमीटरचा असेल तर शेजारी लिहिलेलं असतं, वर किती चालेल, खाली किती चालेल. त्या दोन आकड्यांच्या मध्ये माप बसलं की जॉब पास. ट्रेमध्ये ठेवायचा, पुढचा घ्यायचा. 'जितका मोठा जमेल तितका' असं माप मी आजवर कुठल्याच ड्रॉइंगवर पाहिलेलं नाही. कोणी पाठवलंच तर आपण फोन करून विचारू, साहेब, टॉलरन्स तरी सांगा, जॉब पास कुठं करायचा?

स्वतःच्या बाबतीत मात्र आपण बिनबोभाट असलंच ड्रॉइंग वापरतो. धंदा : होईल तेवढा. घर : परवडेल त्याच्यापेक्षा थोडं मोठं. पोराचे मार्क : पडतील तेवढे. ह्यात जॉब पास व्हायची सोयच नाही. इन्स्पेक्शन कायम चालू.

माझी यादी अशी होती : तिसरी व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), उलाढालीचा एक गोल आकडा, नागाळा पार्कात फ्लॅट. उलाढालीचा आकडा एकदा ओलांडला. पेढे वाटले, आणि पुढच्याच आठवड्यात नवीन आकडा डोक्यात येऊन बसला. शिवाय ह्यातलं माझ्या हातात किती होतं? पाऊस लांबला की ट्रॅक्टर खपत नाहीत, ट्रॅक्टर खपले नाहीत की कंपनी शेड्यूल कापते, शेड्यूल कापलं की माझी मशीन उभी. म्हणजे मी यशस्वी की अयशस्वी हे विदर्भातला पाऊस ठरवणार.

आता नवीन यादी केली आहे. कामगारांचा पगार सात तारखेच्या आत. रिजेक्शन दोन टक्क्यांच्या खाली. कर्जाला वरची मर्यादा, तिच्यापलीकडं हप्ता न्यायचा नाही, मग ऑर्डर कितीही मोठी असो. आणि साडेसातला घरी. प्रत्येक गोष्टीला टोक आहे, आणि प्रत्येक गोष्ट बरीचशी माझ्या हातातली आहे. महिनाअखेर बघतो, मापात बसलं तर पास, विषय संपला. झोप लागते.

प्रश्न असा, की तुमची अप्पर लिमिट काय आहे? आहे का मुळात? आणि कोणी ठरवली?

तांबडा_पांढरा · शुक्रवार, रात्री १०.३१

श्लोक टाकणारे यायच्या आत हजेरी लावून घेतो. माझी अप्पर लिमिट : पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या. त्यानंतर माणूस मोजायच्या अवस्थेत राहत नाही.

बाकी धागा वाचतोय. लिहा.

पेठकरी · शुक्रवार, रात्री ११.०५

भावा, लिहिलंयस झकास, पण पटलं नाही. ही सगळी भाषा दमलेल्या माणसाची आहे. चाळिशी आली, गुडघे दुखायला लागले की माणूस 'पुरे' म्हणतो आणि त्याला तत्त्वज्ञानाचं नाव देतो. कोल्हापूर असं चालत नाही. इथं नाद करायचा तर पुरा करायचा. गल्लीतली टीम असली तरी शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की पेठ रिकामी होते, तिथं कोणी 'मापात बसलं, चला घरी' म्हणत नाही.

आणि एक सरळ उदाहरण देतो. पैलवान खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले, सहावे आले. जगात सहावा! मापात बसलं की नाही? तिथं त्यांनी ट्रेमध्ये ठेवलं असतं तर १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ कोणी आणलं असतं? स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक ते. तुझ्या टॉलरन्समध्ये बसणारं नाही.

उद्यमनगरी · शुक्रवार, रात्री ११.२०

पेठकरी, लोअर लिमिट पण असते की. मी रिजेक्शन दोन टक्के म्हटलं, वीस नाही म्हटलं. दोन टक्के ठेवायला काय लागतं ते ह्या धंद्यातल्या माणसाला विचार. आणि बोअरचं एक लक्षात ठेव : लहान राहिला तर परत मशीनवर चढवता येतो, मोठा झाला तर थेट भंगारात.

खाशाबांच्या मुद्द्याला उत्तर देत नाही, इथं माझ्यापेक्षा जाणकार माणसं आहेत.

लाल_माती · शनिवार, पहाटे ५.१०

जाणकार वगैरे नाही, पण दहा-बारा वर्षं तालमीत काढल्यात. गुडघा गेला, मग सोडलं. आता एका कारखान्यात सिक्युरिटीला आहे, रात्रपाळी संपवून लिहितोय.

पेठकरी, तुम्ही कुस्ती बघणाऱ्याच्या बाजूनं बोलताय. बघणाऱ्याला निकाल पाहिजे. खासबागेत बसलेल्या माणसाला चितपट दिसली पाहिजे, नाहीतर पैसे फिटले नाहीत म्हणतो. बरोबर हाय त्याचं. पण तालमीत आत निराळं असतंय. आमचे वस्ताद पहाटे एकच इचारायचे, जोर किती झाले? बैठका किती? आकडा ठरलेला. कमी मारले तर शिव्या, आणि जास्त मारले तरी शिव्या. 'उद्या लढायचं हाय न्हवं, आजच सगळं सांडतोस व्हय?' म्हणायचे. मैदानाला जाऊन आल्यावर हरलो का जिंकलो ह्याच्यावरनं त्यांनी कधी वागणूक बदलली न्हाई. हरून आलो तरी दुसऱ्या दिशी आकडा तेवढाच.

मला तर वाटतंय उद्यमनगरी म्हणतात ते पैलवानांना पहिल्यापास्नं ठाऊक हाय. पैलवान खचतो तो हरल्यामुळं नाही. गावात गेलं की जो तो इचारतो, 'केसरी कधी होणार?' त्यानं खचतो. मी दहा-बारा वर्षांत केसरीच्या जवळपास पण न्हवतो, तरी लोक इचारायचे. लग्नात जायचं बंद केलं होतं मी.

आणि खाशाबांचं अर्धंच सांगितलं तुम्ही. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. पदक घेऊन आले, १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळे सांगतात. त्याच्यानंतर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, पैसे उभे केले आणि खर्डेकरांचं घर सोडवलं. हे कोण सांगत नाही. त्या माणसाच्या हिशोबात पदक होतंच, पण घर सोडवल्याशिवाय हिशोब मिटला नव्हता.

पेठकरी · शनिवार, सकाळी ८.४०

लाल_माती, घराचं माहीत होतं, पण असं कधी जोडून बघितलं नव्हतं. मान्य. तरी माझा मुद्दा उभा आहे. चार वर्षं जी भूक टिकली ती 'पुरे' म्हणून टिकत नाही.

सईची_आई · शनिवार, दुपारी २.१५

सगळे पुरुषच बोलताहेत म्हणून मध्येच लिहिते. सईला क्लासला सोडलंय, तास मिळालाय.

उद्यमनगरी, 'साडेसातला घरी' हे तुमच्या यादीत यश म्हणून आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पन्हाळा तालुक्यात, रोज गाडीवरून जाऊन-येऊन. मी साडेपाचला घरी असते. तिथून माझी दुसरी पाळी सुरू होते आणि ती कोणाच्याच ड्रॉइंगवर नाही. तुम्ही साडेसातला घरी येता तेव्हा घरी कोणीतरी आधीपासून असतं, हे त्या यादीत कुठं लिहिलंय?

रागानं लिहीत नाही. मुद्दा असा आहे की स्वतःची मोजपट्टी ठरवायला आधी ती हातात असावी लागते. आमच्या मापाचं ड्रॉइंग दुसऱ्यांनीच काढलेलं असतं. सईला नव्वद टक्के पडले की सई हुशार. पंच्याहत्तर पडले की आई नोकरी करते ना, म्हणून. गौरी-गणपतीला फराळ घरचा की विकतचा, नणंद आल्यावर रस्सा कसा जमला, ह्यावर पास-नापास. शाळेत माझ्या वर्गातली सगळी पोरं दुसरीच्या शेवटी धड वाचायला लागली, हे माझं खरं यश. ते घरात कोणाला सांगितलं तर 'हां, बरं' म्हणतात आणि विचारतात, कुकर लावलास का.

मी काय केलं ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर. यादी केली, पण यश कशात हे लिहिलं नाही. कोणाचं मत मोजायचं एवढंच लिहिलं. चार नावं झाली : सई, नवरा, माझी एक जुनी मैत्रीण आणि आमचे आधीचे केंद्रप्रमुख. ह्या चौघांपैकी कोणी म्हटलं की तू चुकतेस, तर मी रात्रभर विचार करते. बाकी कोणी काही म्हटलं तर ऐकते, हसते, चहा देते. सासूबाईंचं नाव यादीत नाही. हे त्यांना माहीत नाही, आणि त्या हा धागा वाचत नाहीत अशी आशा आहे.

तांबडा_पांढरा · शनिवार, दुपारी २.२२

सासूबाई वाचत असतील तर हजेरी लावा.

उद्यमनगरी · शनिवार, रात्री ९.५०

सईची आई, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला. त्यावर जे उत्तर मिळालं ते इथं टाकण्यासारखं नाही. यादीत दुरुस्ती चालू आहे : साडेसातला घरी आल्यावर काय, हे पण लिहायचं आहे म्हणे.

कोणाचं मत मोजायचं, ही चाळणी माझ्यापेक्षा चांगली आहे. माझा दहावीच्या बॅचचा ग्रुप आहे, एक जण हिंजवडीत, दोघं अमेरिकेत, एकाचं ताराबाई पार्कात हॉस्पिटल. तिथं कोणी वास्तुशांतीचा फोटो टाकला की माझी उलाढाल आपोआप कमी व्हायची. ह्यातल्या एकाचंही मत मला खरं तर धंद्याबद्दल विचारायचं नव्हतं.

जॉबवर्क_डॉट · शनिवार, रात्री १०.३०

मी पण एमआयडीसीतलाच, गोकुळ शिरगावला. सगळं छान चाललंय, पण माफ करा, एक मोठी गोष्ट राहतेय. आपल्या ताणाचं निम्मं कारण व्याख्या नाही. पेमेंट आहे. माल दिला, बिल दिलं, आणि नव्वद दिवस, कधी एकशे वीस दिवस वाट बघायची. त्या काळात पगार, वीज, हप्ता, सगळं आपण भरायचं. अशा माणसाला 'यशाची व्याख्या बदल' म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला थर्मामीटर बदल म्हणण्यासारखं आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पेमेंट किती दिवसांत द्यायचं ते लिहिलेलं आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, दरमहा. आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकराची तरतूद आली : मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. ही २०२३-२४ पासून लागू झाली. तेव्हापासून मार्चमध्ये आमच्या एका मोठ्या गिऱ्हाईकाचा अकाउंटंट स्वतः फोन करायला लागला. आधी आम्ही फोन करायचो आणि तो जेवायला गेलेला असायचा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर ह्यातलं काही मिळत नाही. ती आधी करा, मग यादी करा.

उद्यमनगरी · शनिवार, रात्री १०.५२

शंभर टक्के मान्य. कर्जाची मर्यादा मी यादीत घातली ती ह्याच कारणानं. पण तक्रार करायची ठरवली तर सरकारी पोर्टलवर अर्ज जातो आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक जातं, हे पण लिहा ना. कायद्याचं व्याज मागितलेला आणि पुढची ऑर्डर पण मिळालेला माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून मी उलटं केलं : एकाच गिऱ्हाईकावर चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त काम ठेवायचं नाही. दोन मोठ्या ऑर्डरी ह्यामुळं सोडल्या. उलाढाल कमी झाली. पूर्वीच्या यादीनं ह्याला अपयश म्हटलं असतं.

गूळवाला · शनिवार, रात्री ११.१०

विषयांतराबद्दल क्षमस्व. हा ४५ दिवसांचा नियम आम्हा व्यापाऱ्यांना लागू आहे का? मार्केट यार्डात अडत आहे, गुजरातच्या पार्टीकडं पैसे अडकतात.

जॉबवर्क_डॉट · शनिवार, रात्री ११.१८

नाही. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. उशिरा पेमेंटचं संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना. स्वतःचं गुऱ्हाळ असेल तर सीएला विचारा.

अभ्यासिका_कोपरा · रविवार, दुपारी १२.४०

बरेच दिवस फक्त वाचतो, आज लिहितो. राजारामपुरीत एका अभ्यासिकेत बसतो. गाव भुदरगड तालुक्यात. यूपीएससी करतोय. 'करतोय' म्हणजे काय ते घरच्यांना माहीत नाही, त्यांना वाटतं दहावीसारखी परीक्षा आहे, अभ्यास केला की पास.

आकडे सांगतो. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला अर्ज १० लाख १६ हजार. पूर्वपरीक्षा प्रत्यक्ष दिली ५ लाख ९२ हजार जणांनी. मुख्य परीक्षेला पात्र १४,६२४. शेवटच्या यादीत १,०१६. माझ्यासारखा खुल्या गटातला मुलगा सहा वेळा बसू शकतो, वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत. ह्या परीक्षेची लोअर लिमिट म्हणजे कटऑफ, आणि ती दुसरे ठरवतात, तीसुद्धा सगळं झाल्यावर. मी किती तास बसलो हे माझ्या हातात आहे, पण पैलवान काका, वस्ताद जोर मोजायचे तसं इथं कोणी तास मोजत नाही. सगळे फक्त निकाल विचारतात.

स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मिळालं तेव्हा अभ्यासिकेत सगळ्यांनी मोबाईलवर फायनल बघितली. राधानगरीतल्या कांबळवाडीचा पोरगा, रेल्वेत तिकीट तपासनीस. घरून लगेच फोन, बघ, जिद्द असली की होतं. २०१२ पासून तो आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळतोय आणि ऑलिंपिकला पहिल्यांदा २०२४ ला गेला, हे मी सांगितलं. तर बाबा म्हणाले, मग तू पण बारा वर्षं कर.

खरं सांगायचं तर मला अधिकारी व्हायचंय की नाही हे मला आता आठवत नाही. भूगोल शिकवायला आवडतं, अभ्यासिकेतल्या नवीन पोरांना मी शिकवतो, त्यांना कळतं. हे यश मोजायचं का नापासाचा बहाणा, हे मला ठरवता येत नाही. पेठकरी म्हणतात ते माझ्याबद्दलच आहे असं वाटतं.

निवृत्त_मास्तर · रविवार, संध्याकाळी ६.२०

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होतो, आता रंकाळ्यावर फिरतो आणि लोकांना नको ते सल्ले देतो. दोन अभ्यास सांगतो, कारण धाग्यात ब्राँझ पदकं दोनदा आली.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचं चित्रण घेऊन मेडव्हेक, मेडी आणि गिलोविच ह्या संशोधकांनी पदकविजेत्यांचे चेहरे लोकांना दाखवले, कोण किती खूश दिसतं ते विचारलं. ब्राँझवाले रौप्यवाल्यांपेक्षा जास्त खूश दिसले. निबंध १९९५ चा. रौप्यवाला वर बघतो, सुवर्ण हुकलं म्हणतो. ब्राँझवाला खाली बघतो, चौथा आलो असतो तर रिकाम्या हातानं गेलो असतो म्हणतो. कामगिरी ज्याची सरस तोच जास्त दुःखी.

दुसरा २००६ चा, आयंगार, वेल्स आणि श्वार्ट्झ यांचा. कॉलेज संपवून नोकरी शोधणाऱ्या मुलांपैकी काही 'सगळ्यात उत्तम मिळेपर्यंत थांबायचं नाही' अशा स्वभावाची होती, काही 'चांगलं मिळालं, पुरे' अशी. पहिल्या गटाला सुरुवातीचा पगार सुमारे वीस टक्के जास्त मिळाला. तरीही नोकरीबद्दल समाधान त्यांचंच कमी, आणि शोधताना त्रासही त्यांनाच जास्त.

पेठकरींनी इथं लक्ष द्यावं, हा अभ्यास दोन्ही बाजूंनी वाचता येतो. वीस टक्के पगार जास्त, हे काही खोटं नाही. अप्पर लिमिट फुकट मिळत नाही. उद्यमनगरींनी दोन ऑर्डरी सोडल्या ती त्याची किंमत. फक्त किंमत आधी बघून घ्यावी आणि नंतर कुरकुर करू नये. 'ताणही नको आणि सगळ्यांच्या पुढंही राहायचंय' असं म्हणणारे माझ्याकडं बरेच येतात. त्यांना मी चहा पाजतो.

शिरोळकर · रविवार, रात्री ८.४५

मास्तर, खाली बघायचं म्हणताय ते पुरात आपोआप होतंय.

२०१९ ला आमच्या घरात पाणी, २०२१ ला परत. पहिल्या वेळी आठवडाभर जनावरं घेऊन दुसऱ्याच्या शेडमध्ये होतो. ऊस कुजला, घरातलं धान्य गेलं. त्या दिवसांत कोणी विचारलं असतं यश म्हणजे काय, तर सांगितलं असतं, म्हशी वाचल्या. मनापासून. बायकोबरोबर चुलीवरचा चहा प्यायलो तेव्हा वाटलं होतं, आता आयुष्यात कशाची हाव धरायची नाही.

टिकलं का? अजिबात नाही. दुसऱ्या हंगामाला मी परत एकरी टन मोजत होतो. शेजाऱ्याचा ऐंशी निघाला, माझा बासष्ट, आणि मला रात्री झोप नाही. आमच्याकडं एकरी शंभर टनवाल्यांचे फोटो फ्लेक्सवर लागतात. तो फ्लेक्स बघून किती जणांनी खतावर खत टाकून जमीन मीठफुटी केली ते मोजायला कोणी येत नाही.

म्हणून मला वाटतं, असं एकदा मनात पक्कं केलं आणि झालं, असं नसतंय. माणूस परत जुन्या मापावर येतो. लिहून भिंतीवर लावावं लागतं, नाहीतर शेजाऱ्याचा ऊस दिसतोच. मी आता टन मोजत नाही, एकरी खर्च वजा जाऊन हातात काय राहिलं ते मोजतो. बासष्ट टनात कधी कधी ऐंशीवाल्यापेक्षा जास्त राहतंय. पण हे पण मोजणंच झालं, आणि ह्यात पण मी शेजाऱ्याकडं बघतोच आहे, हे कबूल.

पेठकरी · रविवार, रात्री ९.१५

शिरोळकर, हे आवडलं. कमीत कमी खोटं नाही बोललात.

अभ्यासिका_कोपरा, मी जे लिहिलं ते तुझ्याबद्दल नव्हतं रे. भूक असलेल्या माणसानं पुरे म्हणू नये, एवढंच म्हणणं आहे. तुला भूक भूगोल शिकवायची दिसते. तिथं नाद कर की. मग शिकवणारा असा हो की पोरं कागलवरनं यायला पाहिजेत.

अभ्यासिका_कोपरा · रविवार, रात्री १०.०५

धन्यवाद सगळ्यांना. कालपासून दोनदा वाचला धागा.

सईची आईंनी सांगितलं तशी नावं लिहिली. पाच झाली. अडचण अशी की पहिलंच नाव बाबांचं आहे, आणि ते खोडायचं नाही. मग त्यांना सांगायचं कसं? अजून दोन प्रयत्न शिल्लक आहेत, हे त्यांना पाठ आहे.

निवृत्त_मास्तर · रविवार, रात्री १०.४०

'मला यूपीएससी नको' असं सांगत जाऊ नकोस. नकार ऐकला की बापाला फक्त वाया गेलेली वर्षं दिसतात. काय करणार आहेस ते कागदावर घेऊन जा. बी.एड. करायचं की सेट-नेट, किती वर्षं, खर्च किती, त्यातला तू किती उचलणार, खासगी क्लासमध्ये शिकवून महिन्याला अंदाजे काय येईल. उरलेले दोन प्रयत्न द्यायचे असले तर तारीख घाल, नसले द्यायचे तर तसं लिही. शेतकरी माणसाला पुढच्या हंगामाचं बोललेलं कळतं.

आणि सकाळी बोल, जेवायच्या आधी नको.

सईची_आई · रविवार, रात्री १०.४८

आईला आधी सांग. एक दिवस आधी. मास्तरांच्या यादीत ते राहिलंय.

लाल_माती · सोमवार, पहाटे ५.०५

आणि गावात लग्न असलं तर जा. मी जायला पाहिजे होतं.